बाकूच्या बाई

बल्गेरियात, सोफियाला वितोशा डोंगराच्या पायथ्याच्या वस्तीत बद्रीला सगळे 'बाकूच्या बाई' म्हणत. बाई मूळच्या सोव्हिएत देशाच्या, नवरा क्षयाने गेला, एक मुलगी आहे, कुठल्याशा प्रकाशनात भाषांतरं करतात, एवढं शेजारपाजाऱ्यांना ठाऊक होतं. त्यातलं नवऱ्याचं आणि मुलीचं तेवढं खरं होतं.

बद्री होती इराणची. कास्पियन समुद्राच्या काठी कनारसर नावाचं मच्छीमारांचं गाव, तिथली. मुलींच्या शाळेत ती शिकवायची आणि तिचा नवरा याह्या बंदरावरच्या हमालांची संघटना बांधायचा. दोघांच्या डाव्या पक्षावर बंदी आली, धरपकड सुरू झाली, तेव्हा एका पहाटे दोघं मासेमारीच्या होडीत बसून निघाली ती पलीकडच्या सोव्हिएत किनाऱ्याला लागली. आईला सांगितलं होतं, रश्तला मावशीकडे जातोय, शुक्रवारपर्यंत येतो. शुक्रवारसाठी आईने मासा राखून ठेवला असणार, हे बद्रीला पुढे कित्येक वर्षं जेवताना आठवायचं.

बाकूला मीनू झाली आणि ती वर्षाची व्हायच्या आत याह्या गेला. पदरात पोर, परका मुलुख. अशात पक्षाच्या सभेत बद्रीने एक निवेदन वाचून दाखवलं आणि मागच्या रांगेतल्या एका माणसाने मान वर केली. तिचा आवाज स्वच्छ होता. ना गावाकडचा हेल, ना शहरी नखरा. काही महिन्यांत तिला आणि मीनूला आगगाडीत बसवून सोफियाला आणलं. तिथे गावाबाहेर, चेरीच्या झाडांआड एका दुमजली घरात पक्षाचा फारसी रेडिओ चालायचा. मायदेशातले संप, मोर्चे, अटका, तुरुंगातल्या लोकांचे हाल, जे तिथल्या वर्तमानपत्रांत छापायची सोय नव्हती ते सगळं हा रेडिओ रोज संध्याकाळी सांगायचा. रेडिओ कुठून बोलतो हे मात्र कुणाला कळू द्यायचं नव्हतं. ऐकणाऱ्यांना वाटायचं, सरहद्दीपलीकडच्या डोंगरात कुठेतरी असावा.

रेडिओचे प्रमुख कॉम्रेड दानेश. पन्नाशीचे, सडपातळ, शर्टाचं वरचं बटणही लावणारे. पहिल्या दिवशी त्यांनी बद्रीला समोर बसवून नियम सांगितले. रेडिओवर तुमचं नाव ताबान. बाहेर तुम्ही बाकूच्या. रस्त्यात फारसी बोलायची नाही.

"आणि घरी पत्र?" बद्रीने विचारलं.

"पत्राला तिकीट लागतं, खानम. तिकिटावर देश असतो."

"कुणाच्या तरी हातून?"

"हाताला तोंड असतं."

तिने मनाशी एक सोय करून घेतली. कनारसरच्या चौकातल्या चहाच्या दुकानात रेडिओ होता आणि आईचं घर दुकानाच्या मागच्या भिंतीला लागून होतं. बातम्या ऐकायला मनाई असली तरी दुकानदार दार लोटून, आवाज बारीक करून ऐकणारच. आणि आई आपला आवाज ओळखणार नाही असं कसं होईल? त्यामुळे काचेच्या खोलीत बसून 'वतनातल्या प्रिय श्रोत्यांनो' म्हणताना तिच्या डोळ्यांपुढे श्रोते नसायचेच, एक भिंत असायची आणि भिंतीला टेकून बसलेली म्हातारी. त्या भिंतीशी ती वर्षानुवर्षं बोलत राहिली.

बातम्या लिहायचे ते होर्मोज. जुने पत्रकार, दोनदा तुरुंग पाहिलेले, दातांत फट आणि जिभेला हाड नाही. बद्रीचं आणि त्यांचं जमायचं, कारण दोघांनाही भाताची आठवण यायची. इथले लोक तांदळाची खीर करतात, नाहीतर तो पानांत गुंडाळतात. होर्मोज म्हणायचे, "क्रांती होईल तेव्हा होईल, ताबान खानम, आधी कुणीतरी मोकळा भात करून घाला."

मीनू अकरा वर्षांची झाली त्या सालची गोष्ट. सकाळच्या बैठकीत दानेश आले, चष्मा पुसला, आणि म्हणाले, "पुढच्या आठवड्यात शहा इथे येतोय. सरकारी पाहुणा म्हणून."

ज्या राजाच्या विरुद्ध त्या घरातून रोज संध्याकाळी आग पाखडली जायची, तो त्याच घरापासून ट्रामच्या अंतरावर उतरणार होता.

"स्वागताला आपण जायचं का?" होर्मोजनी विचारलं.

"आपण विश्रांतीला जायचं," दानेश म्हणाले. "डोंगरात विश्रामगृह आहे, तिथे सगळ्यांची सोय केली आहे. ज्यांनी आपल्याला आसरा दिला त्यांना अवघडल्यासारखं होऊ नये. त्या दिवसांचे कार्यक्रम आधीच ध्वनिमुद्रित करून जाऊ."

"बातम्यासुद्धा?"

"बातम्यासुद्धा."

होर्मोज कागद ओढून बसले. "म्हणजे उद्याच्या, परवाच्या, तेरवाच्या बातम्या आज लिहायच्या. देवाचं काम आलं की आपल्याकडे."

"देव नाही, कॉम्रेड," दानेश म्हणाले.

"म्हणून तर जागा रिकामी आहे."

पण लिहायचं काय, हा प्रश्न खराच होता. घडायचंय ते लिहिता येत नव्हतं आणि राजाच्या दौऱ्याचं अवाक्षर काढायचं नव्हतं. शेवटी होर्मोजनी कपाटातली जुनी टिपणं काढली. बीटाच्या शेतीवर एक लांबलचक भाषण झालं, साखर कारखान्यांच्या नफ्यावर एक, मग भरपूर गाणी. बद्रीने ते सगळं एका दुपारी वाचून काढलं. ल्यूबेन नावाचा तिथलाच तंत्रज्ञ टेपा फिरवत होता, त्याला फारसीचा गंध नव्हता. वाचून झाल्यावर तो म्हणाला, "आज तुमचा आवाज झोपल्यासारखा येतोय, बाई." बद्री म्हणाली, "असू दे. ऐकणारेही झोपतील."

मीनूचं काय करायचं, यावर दानेशनी विचार करून ठेवला होता. शाळेतल्या सगळ्या मुलांना रस्त्याच्या कडेला उभं राहायचं होतं. हिची एकटीची गैरहजेरी डोळ्यांत येईल, तेव्हा तिला शेजारी ठेवा. शेजारच्या म्हातारीला सगळी वस्ती बाबा त्स्वेता म्हणायची, कारण इथे आजीलाच बाबा म्हणतात. बद्रीने लवकर निघायच्या घाईत तिच्याकडे चहा मागितला तर ती घाबरली, "आजारी पडलीस की काय?" इथे चहा आजाऱ्याला देतात. मीनूला कुशीत घेऊन ती म्हणाली, "जा गं निवांत. पोरीला मी दही-भाकरीवर ठेवते चार दिवस, गाल वर येतील."

विश्रामगृह छान होतं. पाइनची झाडं, गरम पाण्याचा हौद, तिन्हीत्रिकाळ दही. फक्त फाटकाशी एक माणूस बसायचा आणि फाटकाला कडी असायची. पुरुषांनी सोंगट्यांचा पट मांडला. होर्मोजनी गुपचूप आणलेला ट्रान्झिस्टर जिन्याखाली लावला आणि एका परदेशी स्टेशनच्या फारसी बातम्या धरल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनीच बद्रीला हाक मारली. त्यांचा चेहरा बघून ती पायरीवरच थांबली.

"तुमचं गाव कनारसर ना?"

"हो."

"बसा."

बातमी अशी होती. खाडीत जाळी टाकायला सरकारने बंदी केली, म्हणून कनारसरचे मच्छीमार मासळीच्या गुदामापुढे जमले. शिपायांनी गोळ्या झाडल्या. काही मेले, पुष्कळांना गुदामातच कोंडलं. नावं नव्हती. बद्रीचा धाकटा भाऊ रहमत त्याच गुदामात कामाला होता. निदान ती निघाली तेव्हा तरी होता.

ती तडक दानेशकडे गेली. ते पटावर फासे टाकत होते.

"मला खाली जाऊ द्या. ल्यूबेनला बोलवा. मी बातमी वाचते आणि परत येते."

"गाडी नाही."

"बस आहे."

"रस्ता बंद आहे."

"चालत जाईन."

दानेशनी फासे खाली ठेवले. आवाज चढवला नाही. "बद्री खानम," त्यांनी पहिल्यांदाच तिचं खरं नाव घेतलं, "माझ्या जिवाला बरं वाटतंय असं समजू नका. पण आपण या देशात नाही. कागदावर नाही, रेडिओवर नाही. जे नाहीतच ते चालत कसे जाणार?"

"मग रेडिओ कशाला चालवतो आपण?"

"आज चालवला तर उद्या चालणार नाही."

होर्मोज तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत राहिले.

बद्री फाटकातून गेली नाही. हौदाच्या मागे कुंपण मोडकं होतं, तिथून ती जंगलात शिरली आणि उताराची पायवाट धरली. पायांत विश्रामगृहाच्याच कापडी सपाता होत्या. पायवाट जिथे रस्त्याला मिळते तिथे आडवा दांडा आणि एक तरुण पोलीस. पोराच्या ओठांवर नुकती कुठे मिशी फुटली होती.

"मावशी, खाली जाता येणार नाही. शहरात पाहुणे आहेत."

"माझी मुलगी आहे खाली. शाळेत."

"मग ती मजेत असेल. सगळ्या शाळा रस्त्यावर आहेत आज." तिचे उच्चार ऐकून त्याने विचारलं, "तुम्ही कुठल्या?"

बद्रीच्या तोंडात खरं उत्तर आलं होतं. जिभेच्या टोकाशी आलं होतं. "बाकूच्या," ती म्हणाली.

"असं होय." तेवढ्यात खालून तोफांची सलामी ऐकू आली. पोरगा खूश झाला. "ऐकलंत? राजा आहे म्हणे खरोखरचा. मी जन्मात राजा बघितला नाही. तुम्ही बघितलाय?"

"नाही."

"तुमच्याकडेही नसतात ना आता." त्याने खिशातून सफरचंद काढून तिच्या हातात दिलं. "वर जा, मावशी. पाय भिजलेत तुमचे."

तोफांचे आवाज संपेपर्यंत ती तिथेच उभी होती. कनारसरच्या गोळ्याही आईला भिंतीपलीकडून अशाच ऐकू आल्या असतील, की जवळून, हा विचार तिच्या डोक्यातून जाईना. मग ती वर आली, कारण जायला दुसरी वाट नव्हती.

संध्याकाळी जिन्याखाली सगळे जमले. होर्मोजनी सवयीने काटा फिरवला आणि आपलाच रेडिओ लागला. बद्रीचा आवाज आला. बीटाची पेरणी, बीटाची खुरपणी, बीटाला लागणारी कीड. आवाज संथ, जराही न अडखळणारा. होर्मोजनी बंद करायला हात पुढे केला.

"राहू द्या," बद्री म्हणाली.

भाषण संपलं. मग आवाज म्हणाला, "वतनातल्या प्रिय श्रोत्यांनो, तुमच्या प्रत्येक दुःखात आम्ही तुमच्यासोबत आहोत." आणि गाणं सुरू झालं. बद्री उठून खोलीत गेली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. तिला वाटत होतं, तिकडे भिंतीला टेकून बसलेल्या म्हातारीने हे सगळं ऐकलं. दारात रक्त सांडलंय आणि लेक बीटाला खत किती घालायचं ते सांगतेय.

पाहुणे गेले, बस खाली आली. मीनू दारातच उभी होती, आणि गाल खरंच वर आले होते. तिच्या हातात कागदाचा छोटा झेंडा होता, सिंह आणि सूर्याचा.

"आई, बाईंनी सांगितलं होतं, जोरात हलवा. मी सगळ्यांत जोरात हलवला."

"बरं केलंस."

"हा आपला आहे ना?" तिने आवाज खाली आणला. "खरा आपला?"

बद्रीने दार लावून घेतलं. या झेंड्याखाली गोळ्या झाडणारे उभे होते, आणि याच झेंड्याखाली तिची शाळा भरायची. "आपलाच," ती म्हणाली.

"मग खिडकीत लावू?"

"नको. आपण बाकूचे."

मीनू रडली नाही. तिने झेंडा उशीखाली ठेवला आणि आईकडे पाठ करून गृहपाठाला बसली. त्या दिवसापासून ती घरातही फारसीत कमी बोलू लागली. बद्रीने ते ओळखलं.

कनारसरची बातमी वाचायची पाळी आली तेव्हा ती शिळी झाली होती. होर्मोजनी ती जीव ओतून लिहिली होती. बद्रीने वाचली आणि शेवटी, कागदावर नसलेलं एक वाक्य तिच्या तोंडून गेलं, "कनारसरच्या लोकांनो, आम्हाला उशीर झाला, माफ करा."

काचेपलीकडून दानेशनी हात वर केला. टेप थांबली.

"कुणाच्या वतीने माफी?"

"माझ्या."

"तुम्ही रेडिओवर कुठे असता? तिथे फक्त आवाज असतो. माफी मागितली की उशीर कबूल केला, आणि उशीर कबूल केला की लोक विचारणार, का झाला. पुन्हा वाचा."

तिने पुन्हा वाचलं. वाक्य पुन्हा आलं. तिसऱ्यांदाही आलं. तिने हट्ट म्हणून केलं असं नाही, बातमीच्या शेवटी आली की घशातून ते आपसूकच निघायचं. दानेश चिडले नाहीत. त्यांनी ल्यूबेनला टेप मागे फिरवायला लावली आणि एका जागी बोट ठेवलं. ल्यूबेनला कळत नव्हतं की काय कापतोय. त्याने कात्री चालवली, दोन टोकं चिकटवली, आणि वीतभर पट्टी जमिनीवर पडली. संध्याकाळी बातमी गेली ती अशी अखंड, की कुणाला सांधा सापडला नसता.

त्यानंतरही तिने बरीच वर्षं बातम्या वाचल्या. जायचं कुठे होतं? पण पुढे त्या भिंतीकडे बघून बोलणं तिला जमलं नाही. नुसती अक्षरं वाचायची.

मग आसरा देणाऱ्या देशाचं आणि राजाचं चांगलंच सूत जमलं. यंत्रं तिकडे, तेल इकडे. एके दिवशी चेरीच्या झाडांमागच्या त्या घरात कोन्याकच्या बाटल्या आणल्या गेल्या, सगळ्यांच्या सेवेचं कौतुक झालं आणि रेडिओ बंद झाला. बद्रीला दुसरं काम मिळालं, ते असं की हसावं की रडावं. इराणला निघालेल्या इंजिनियरांना फारसी शिकवायची. सकाळी ते वर्गात बसायचे, महिन्या-दोन महिन्यांनी विमानात बसायचे, आणि बाकूच्या बाई फळा पुसून पुढच्या तुकडीची वाट बघायच्या.

त्यांतला एक ओग्न्यान. शीतगृहं बांधणारा, दांडगा, गोड खाण्याचा शौकीन. त्याची नेमणूक कास्पियनच्या काठी झाली आणि नकाशावर त्याने जागा दाखवली, ती कनारसरपासून जवळच. बद्रीला थेट काही सांगणं शक्य नव्हतं, वर्गात कान होते. तिने धड्यातच वाक्यं घातली. 'इथे रहमत नावाचे मासळीवाले राहतात का?' 'त्यांच्या आईची तब्येत कशी आहे?' 'त्यांच्या घरी सगळे ठीक ना?' ओग्न्यानने ती इमानदारीने घोकली. एकदा मात्र तो म्हणाला, "बाई, तिकडे इतके रहमत असतात का?"

"पुष्कळ असतात," ती म्हणाली. "पाठ करून ठेवा."

वर्षाने तो सुट्टीवर आला तो धुरावलेल्या माशाची पुडी घेऊन. वर्ग सुटल्यावर मागे थांबला.

"तुमची वाक्यं कामाला आली. एक रहमत भेटला. लंगडतो. चौकातलं चहाचं दुकान आता तोच चालवतो. मी आपली ती तिन्ही वाक्यं ओळीने म्हटली, तर तो माझ्या तोंडाकडे बघतच राहिला. म्हणाला, 'हे बोलणं कुणी शिकवलं?' मी म्हटलं, बाकूच्या एका बाईंनी. तर खूप हसला. म्हणाला, 'बाकूत चांगल्या मास्तरणी आहेत.'"

"आणि आई?"

ओग्न्यानने आठवून आठवून, पाठ केल्यासारखं फारसीत म्हटलं, "आई दोन हिवाळ्यांपूर्वी गेली. रेडिओ ऐकायची. शेवटपर्यंत ऐकायची. ती म्हणायची, आवाज आहे म्हणजे जिवंत आहे, काय बोलते त्याचं काय घेऊन बसायचं." मग बल्गेरियनमध्ये म्हणाला, "आणि त्याने एक चेष्टा सांगितली, ती मला कळली नाही. म्हणाला, मास्तरणीला सांग, आमच्याकडे बीट होत नाही. भात होतो. पुढच्या वेळी भाताचं सांग म्हणावं."

बद्री हसायला गेली आणि तिला बसावं लागलं. ओग्न्यानने पाणी आणलं. त्याने काही विचारलं नाही, आणि पुढेही कधी कुठे बोलला नाही. मासा तिने घरी नेला, पण मीनूला त्याचा वास सोसेना, तेव्हा तिने एकटीने खाल्ला.

राजा पळाला त्या साली दानेश, होर्मोज, सगळे आपापले जुने इराणी कागद दाखवून, विमानं भरभरून मायदेशी परतले. बद्रीनेही पेटी काढली. नव्या सरकारच्या वकिलातीतल्या दाढीवाल्या कारकुनाने तिची कागदपत्रं चाळली. जन्मस्थान बाकू. नागरिकत्व सोव्हिएत. प्रत्येक कागद एकाच खोट्यावर शिक्का मारून उभा होता.

"खानम, तुम्ही इराणी असल्याचा काही पुरावा?"

"माझं बोलणं ऐकताय ना."

"बोलणं कुणालाही शिकवता येतं," तो म्हणाला. तेच तर बद्रीचं काम होतं.

होर्मोज विमानतळावर तिला म्हणाले होते, "तांदूळ पाठवतो." तांदूळ आलाही, एकदा. चार वर्षांनी नव्या सरकारने पक्षाला झोडपलं, तेव्हा दानेश पकडले गेले, होर्मोजही. दानेशना तिकडच्या टीव्हीवर बसवून स्वतःविरुद्ध निवेदन वाचायला लावल्याचं तिने ऐकलं. होर्मोज तेवढेही जगले नाहीत.

त्यानंतर एका दुपारी तिच्या घरचा फोन वाजला. कुणी तरुण मुलगा होता, फारसीत बोलत होता. नुकताच देशाबाहेर पडलेला पत्रकार, त्यांनी म्हणे नवा रेडिओ काढला होता. होर्मोजच्या बायकोकडून नंबर मिळाला. होर्मोजवर कार्यक्रम करायचाय, तुम्ही त्यांच्याबद्दल बोलाल का? बोलता बोलता तो मध्येच थांबला. "खानम, तुमचा आवाज फार छान आहे. आमच्यासाठी बातम्या वाचाल?"

"कुठून बोलतोयस?" बद्रीने विचारलं.

मग तो म्हणाला, "ते सांगता येणार नाही."

"घरी कोण आहे तिकडे?"

"आई आहे."

"तिला ठाऊक आहे, तू कुठे आहेस?"

"मग बातम्यांचं काय, खानम?" त्याने विचारलं.

"बातम्या मी वाचणार नाही, बाळा," बद्री म्हणाली. "होर्मोजबद्दल विचार काय विचारायचं ते."

ती खुर्ची ओढून बसली. दातांतली फट, जिन्याखालचा ट्रान्झिस्टर, मोकळ्या भाताचं वेड, सगळं सांगितलं. मीनू नवऱ्याबरोबर आली, दारातच थबकली, आणि इतक्या वर्षांनी आईच्या तोंडून एवढी फारसी ऐकत कोट न काढता तशीच उभी राहिली. फोन मध्येच तुटला. बद्रीने दोनदा 'हॅलो' म्हटलं, रिसीव्हर ठेवला आणि मीनूला म्हणाली, "बस. तो परत लावेल."